मुलाचा खोकला दर महिन्याला परत येतोय? बालदमा जवळच्या दवाखान्यातच ओळखता येतो

विश्रांतवाडीत आळंदी रोडलगतच्या कुठल्याही घरात घडू शकेल असा हा प्रसंग. चार वर्षांचं मूल रात्री दोनला खोकत उठतं. सकाळी दवाखान्यात वाफ आणि सिरप मिळतं, दोन दिवसांत ते बरं होतं. महिन्याने पुन्हा तेच, पण यावेळी डॉक्टर धानोरीतले. तिसऱ्यांदा आणखी कुणी. प्रत्येकाला दिसतो तो एक साधा खोकला. दमा मात्र या तिन्ही भेटी एकत्र पाहिल्यावरच लक्षात येतो.

असे किती जण सुटतात? ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या पाहणीत पुण्यासह देशातल्या नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून जास्त मुलं आणि पालकांची माहिती घेतली गेली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं.

यासाठी मोठं मशीन लागतं असं नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना फुप्फुसांच्या चाचणीत नीट फुंकताच येत नाही आणि एक्स-रे बहुतेकदा नॉर्मलच येतो. म्हणून प्रश्न महत्त्वाचे. खोकला रात्री वाढतो का? धावल्यावर, हसल्यावर सुंई-सुंई आवाज येतो का? सर्दी नसतानाही त्रास होतो का? घरात कुणाला दमा, मुलाला त्वचेची ॲलर्जी आहे का? इनहेलरने लगेच आराम पडला, तर शंका बळावते.

अर्थात, प्रत्येक खोकला दमा नसतो. वजन वाढत नसेल, ताप रेंगाळत असेल तर टीबी तपासावा लागतो. खेळता खेळता अचानक घरघर सुरू झाली, तर श्वासनलिकेत शेंगदाणाही अडकलेला असू शकतो.

अनेकदा अडतं ते ‘दमा’ या शब्दापाशी. पालक घाबरतात, म्हणून डॉक्टरही ‘ॲलर्जिक खोकला’ म्हणून वेळ मारून नेतात. पंपाची सवय लागते, हा समज तर घरोघरी. प्रत्यक्षात इनहेलरचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि थेट फुप्फुसात जातो. पोटात घेण्याच्या स्टेरॉइडचा डोस त्याच्या कितीतरी पट असतो. लहान मुलांना तो मास्क लावलेल्या स्पेसरमधून देतात.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या. रात्री घरघर सुरू झाली की मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण सकाळपर्यंत छाती बऱ्याचदा मोकळी झालेली असते. मात्र बरगड्या आत ओढल्या जात असतील, बोलताना दम लागत असेल किंवा ओठ निळे पडले, तर व्हिडिओत वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.