इटलीची नगरे आणि खिशातला वाटाड्या

आपल्या मराठी कुटुंबांतून युरोपच्या सहलीस जाण्याचा प्रघात आता नवा राहिलेला नाही. रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस पाहून दहा दिवसांत परतलेले कोणी ना कोणी प्रत्येकाच्या परिचयात असतेच. त्यांचे प्रवासवर्णन ऐकताना एक गोष्ट जाणवते. मार्गदर्शकाच्या उंचावलेल्या छत्रीमागे चालता चालता त्यांनी पाहिले पुष्कळ. परंतु एखाद्या चौकात अर्धा तास अधिक रेंगाळावे की नाही, हे ठरविणे त्यांच्या हाती नव्हते. साठीतल्या दांपत्यालाही हे स्वातंत्र्य मिळवून देणारे साधन आता खिशातच असते, आणि ते म्हणजे स्मार्टफोन. मात्र त्यात वीस अ‍ॅप भरून नेण्यापेक्षा चार-पाचच न्यावीत आणि प्रत्येकामागे तिथला कोणता नियम उभा आहे, हे आधी समजून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरंभ आगगाडीपासून करू. सरकारी मालकीच्या त्रेनितालियाचे एक अ‍ॅप आणि 2012 पासून धावणाऱ्या इतालो या खासगी जलद गाड्यांचे दुसरे, एवढी दोन पुरेत. त्यांत गावाचे नाव इटालियन रूपात, अर्थात रोमन लिपीत, लिहिण्याची सवय करावी. फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंत्से, व्हेनिस म्हणजे व्हेनेत्सिया आणि नेपल्स म्हणजे नापोली. व्हेनिसची मुख्य स्थानके दोन आहेत. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचे, तर सांता लुचिया हे बेटावरचे. या दुसऱ्या स्थानकाच्या पायऱ्या उतरताच समोर थेट मोठा कालवा दिसतो. नुसते ‘व्हेनेत्सिया’ पाहून तिकीट काढणारा भलत्याच ठिकाणी उतरण्याचा संभव असतो.

आपल्याकडे तिकीट काढले की काम संपले, अशी आपली समजूत असते. तिथे जलद गाडीचे तिकीट ठरावीक गाडीचे आणि ठरावीक आसनाचे असल्यामुळे ही समजूत चालून जाते. पण प्रादेशिक गाड्यांच्या बाबतीत ती महागात पडते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट फलाटाजवळच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवूनच गाडीत चढायचे असते. फोनवरील तिकिटावर ‘चेक-इन’ करण्याची सूचना दिसली, तर तीही चढण्यापूर्वीच पुरी करावी. तपासनिसापुढे पैसे भरल्याचा पुरावा दाखवून दंड टळेलच, असे समजू नये. संपाला तिथे ‘शोपेरो’ म्हणतात. तो सहसा आधी जाहीर होतो, आणि कामकाजाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 व सायंकाळी 6 ते 9 या वेळांत प्रादेशिक रेल्वेच्या आवश्यक फेऱ्या चालू ठेवल्या जातात. अ‍ॅपमध्ये ‘रितार्दो’ दिसले तर गाडीस विलंब, ‘सोप्रेस्सो’ दिसले तर गाडी रद्द आणि ‘बिनारियो’ म्हणजे फलाट. हे तीन शब्द पाठ करून जावे.

शहरातल्या शहरात फिरायला मात्र कित्येकदा अ‍ॅपची गरजच पडत नाही. रोम आणि मिलान येथील मेट्रोच्या दारावर बँकेचे स्पर्शविरहित कार्ड टेकवले की दार उघडते. पती-पत्नींजवळ वेगवेगळी कार्डे हवीत, कारण एका कार्डावर एकच प्रवासी धरला जातो. 2020 मध्ये लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपली कार्डे मुळात केवळ देशांतर्गत व्यवहारांसाठी खुली असतात. परदेशी वापराची आणि स्पर्शविरहित व्यवहाराची परवानगी बँकेच्या अ‍ॅपमधून घरीच देऊन ठेवावी. शिवाय तिकिटासाठीचा ओटीपी आपल्या भारतीय क्रमांकावर येणार, म्हणून ते सिमकार्ड काढून टाकू नये.

पायी हिंडण्यासाठी गूगल मॅप्समधील त्या शहराचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा. मग इंटरनेट नसतानाही तो उघडतो. व्हेनिसमध्ये मात्र त्यावर डोळे मिटून विसंबू नये. उंच भिंतींमधील अरुंद गल्ल्यांत फोनला आपले स्थान नीट कळत नाही. त्यातच घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून सबंध पेठेतून सलग जातात, आणि अशा पेठा एकूण सहा आहेत. भिंतींवरील रिआल्तो, सान मार्को आणि फेरोव्हिया, म्हणजे रेल्वे, अशा पिवळ्या पाट्याच तिथे अधिक विश्वासाच्या. 2024 पासून ठरावीक दिवशी या शहरात केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांना प्रवेशशुल्क भरावे लागते. मुक्कामास राहणाऱ्यांना ते माफ आहे, परंतु त्या माफीचीही नोंद करून क्यूआर संकेत फोनमध्ये ठेवावा लागतो.

भाषेसाठी गूगल ट्रान्सलेट आहेच, आणि त्यात आपली मराठीही आहे, याचा आनंद वाटतो. कॅमेरा खाद्यपदार्थांच्या यादीवर धरला की शब्दांचा अर्थ दिसतो. शाकाहारी माणसाने मात्र येथे सावध असावे. यंत्र शब्दाचे भाषांतर करते, पदार्थात काय पडले आहे ते सांगत नाही. भाज्यांचे सूप मांसाच्या रश्शात शिजवलेले असू शकते, आणि प्रसिद्ध पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातील रेनेट वापरून करतात. त्यासाठी आपला प्रश्न घरूनच इटालियनमध्ये लिहून न्यावा आणि वाढप्यापुढे धरावा.

रोममध्ये पाण्यावर खर्च करण्याचे कारण नाही. 1874 पासून बसविलेले ‘नासोनी’ नावाचे लोखंडी नळ गावभर अखंड वाहतात आणि त्यांचे पाणी पिण्यास योग्य असते. ते कोठे आहेत, हे ‘वेडी वाव’ हे अ‍ॅप दाखवते. संकटकाळी 112 हा क्रमांक लावावा. ‘व्हेअर आर यू’ या अ‍ॅपमधून लावल्यास आपले ठिकाणही आपोआप कळवले जाते. पत्ता सांगता न येणाऱ्या परक्या माणसाला हा मोठाच आधार आहे.

एवढी सगळी व्यवस्था एका फोनमध्ये साठली, तर तो हरवल्यावर काय, ही शंका रास्त आहे. रोमच्या तेर्मिनी स्थानकावर आणि गर्दीच्या बसमध्ये पाकीटमारांचा उपद्रव आहे. म्हणून निवासाचा पत्ता, पारपत्राचा क्रमांक, बँकेचा दूरध्वनी आणि मुलांचे क्रमांक एका कागदावर शाईने लिहून तो कागद पत्नीच्या पर्समध्ये ठेवावा, आणि दुसरी प्रत आपल्या आतल्या खिशात.