ओएस.ॲक्सेस (पायथॉन)

ओएस.ॲक्सेस हे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या 'ओएस' मॉड्यूलमधील एक फंक्शन आहे. एखादी फाईल अस्तित्वात आहे का आणि ती वाचण्याची, तीत लिहिण्याची किंवा ती चालवण्याची परवानगी आहे का, हे तपासण्यासाठी ते वापरले जाते. उत्तर 'खरे' किंवा 'खोटे' असे मिळते. मात्र काही परिस्थितींत ते वस्तुस्थितीशी जुळत नाही.

चुकीच्या उत्तराची कारणे

युनिक्स-सदृश प्रणालींमध्ये प्रत्येक प्रक्रियेला वास्तविक आणि प्रभावी असे दोन वापरकर्ता क्रमांक असतात. फाईल उघडताना प्रभावी क्रमांक विचारात घेतला जातो, तर हे फंक्शन वास्तविक क्रमांकानुसार तपासणी करते. उदाहरणार्थ, 'रूट' म्हणून सुरू झालेल्या सर्व्हरने आपला केवळ प्रभावी क्रमांक बदलून सामान्य वापरकर्त्याचा केला, तर तपासणीचे उत्तर 'खरे' येऊनही फाईल उघडण्याचा प्रयत्न फसू शकतो.

विंडोजवर लेखनाची परवानगी तपासताना फाईलचा 'केवळ वाचनीय' हा गुणधर्म पाहिला जातो. प्रवेश नियंत्रण यादीतील मनाई लक्षात घेतली जात नाही. नेटवर्कवरील फाईल प्रणालींना नेहमीच्या परवानगी बिटांपलीकडचे नियम लागू असू शकतात. त्यामुळे तेथेही तपासणीनंतरची कृती अयशस्वी होण्याची शक्यता असते.

सुरक्षाविषयक धोका

तपासणी आणि फाईल उघडणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. त्यांमधील अल्प अवधीत हल्लेखोर मूळ फाईलच्या जागी दुसऱ्या, संरक्षित फाईलकडे नेणारा प्रतीकात्मक दुवा ठेवू शकतो. विशेषाधिकारासह चालणारा प्रोग्राम मग नकळत ती संरक्षित फाईल उघडतो किंवा बदलतो. तपासणीचे उत्तर त्या क्षणी बरोबर असले तरी हा धोका टळत नाही.

उपाय

पायथॉन ३.३ (२०१२) पासून या फंक्शनला प्रभावी क्रमांकानुसार तपासणी करण्याचा पर्याय देता येतो. मात्र तो सर्व प्रणालींवर उपलब्ध नाही. त्यामुळे वर उल्लेखलेला कालांतराचा दोषही दूर होत नाही. म्हणून आधी परवानगी विचारण्याऐवजी फाईल थेट उघडण्याचा प्रयत्न करणे आणि नकार मिळाल्यास 'परमिशनएरर' हा अपवाद हाताळणे, ही पद्धत अधिक विश्वासार्ह मानली जाते. या पद्धतीत परवानगीचा निर्णय प्रत्यक्ष फाईल उघडतानाच ऑपरेटिंग सिस्टीमकडून होतो.