डोळे पिवळे न करणारी कावीळ

कावीळ म्हटली की पिवळे डोळे, गडद लघवी आणि अन्नावरची उडालेली वासना असे चित्र डोळ्यांसमोर येते. मग पथ्य, झाडपाला, क्वचित कावीळ ‘उतरवणे’ असे उपाय होतात आणि काही आठवड्यांत रुग्ण हिंडूफिरू लागतो. दूषित पाण्यातून व अन्नातून पसरणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुधा आपोआपच बरी होते. श्रेय मात्र उपायांना मिळते. या अनुभवातून एक घातक समज रुजला आहे : डोळे पिवळे नाहीत, म्हणजे यकृत ठणठणीत आहे. ‘हिपॅटायटिस सी’ या समजाच्या आडोशाने वाढतो.

हा विषाणू रक्तावाटे पसरतो. तपासणी न केलेले रक्त, पुन्हा वापरलेल्या सुया, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे हे त्याचे मुख्य मार्ग. लागण झाल्यावर बहुतेकांना काहीच जाणवत नाही. सुमारे ३० टक्के लोकांचे शरीर सहा महिन्यांत त्याला हुसकावून लावते. उरलेल्यांच्या यकृतात तो ठाण मांडतो. त्यांपैकी १५ ते ३० टक्के लोकांना वीस वर्षांत सिरोसिस गाठतो. पोटात पाणी साचेपर्यंत किंवा रक्ताची उलटी होईपर्यंत अनेकांना आजाराचा पत्ताही नसतो.

रक्त दिल्यानंतर होणारा यकृतदाह ‘ए’ किंवा ‘बी’ विषाणूमुळे होत नसल्याचे हार्वे ऑल्टर यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत दाखवून दिले. मायकेल हॉटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९मध्ये विषाणू ओळखला. तो एकटाच हा आजार घडवू शकतो, हे चार्ल्स राइस यांनी सिद्ध केले. या तिघांना २०२०चे नोबेल मिळाले.

उपचाराची वाट मात्र खडतर होती. इंटरफेरॉनची इंजेक्शने दर आठवड्याला, कधी वर्षभर घ्यावी लागत. ताप, नैराश्य, रक्तक्षय सोसूनही विषाणूच्या काही प्रकारांत निम्मेच रुग्ण बरे होत. २०१३च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविरला मान्यता मिळाली आणि चित्र पालटले. विषाणू ज्या विकराच्या साहाय्याने आपल्या प्रती काढतो, त्यालाच हे औषध रोखते. डॅक्लाटास्विरसारख्या औषधाच्या जोडीने साधारण बारा आठवडे गोळ्या घेतल्यास ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. अमेरिकेत या एका औषधाची बारा आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्यावर ती येथे अल्पांशावर आली.

एवढे प्रभावी औषध मोठ्या शहरातील यकृततज्ज्ञांपुरतेच राहणार का, या प्रश्नाचे उत्तर पंजाबने दिले. तेथे २०१६पासून जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांनी मोफत गोळ्या देण्यास आरंभ केला. हजारो रुग्णांच्या नोंदींतून दिसले, की उपचार पूर्ण करून तपासणीस आलेल्या दहांपैकी नऊ जण बरे झाले होते. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याअंतर्गत तपासणी व औषधे मोफत आहेत.

आता अडसर उरला आहे तो निदानाचा. या विषाणूवर लस नाही. भारतातील रक्तपेढ्यांत त्याची तपासणी या शतकाच्या आरंभी सक्तीची झाली. त्यापूर्वी रक्त घेतलेल्यांनी, डायलिसिसवर असलेल्यांनी, तसेच सुईने अमली पदार्थ घेतलेल्यांनी एकदा तरी चाचणी करून घ्यावी. पहिली चाचणी केवळ प्रतिपिंडे दाखवते आणि बरे झाल्यावरही ती होकारार्थी येऊ शकते. म्हणून विषाणू प्रत्यक्ष आहे का, हे सांगणारी आरएनए चाचणी आवश्यक ठरते. ‘बी’ विषाणूचीही तपासणी आधी व्हावी, कारण उपचारादरम्यान तो डोके वर काढू शकतो. गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू आढळला नाही, तर रुग्ण बरा झाला असे मानतात. सिरोसिस झालेला असल्यास यकृताची नियमित तपासणी मात्र पुढेही चालू ठेवावी लागते.

म्हणूनच निदान लवकर व्हायला हवे. डोळे पिवळे होण्याची वाट पाहणाऱ्याला ही संधी उशिरा मिळते, आणि तोवर यकृताची झालेली हानी गोळ्यांनी पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.