योग्य प्रश्न, योग्य उत्तर

११ नोव्हेंबर हा मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्मदिवस. २००८ सालापासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. एका वर्षी या दिवशी माझ्या वर्गातील एका मुलीने भाषण केले. ‘मौलाना आझाद अलाहाबादच्या बागेत इंग्रजांशी लढताना शहीद झाले,’ असे ती म्हणाली. सभागृहात हशा पिकला. बिचारी रडवेली होऊन खाली बसली.

१९३१ साली त्या बागेत शहीद झाले ते चंद्रशेखर आझाद. मौलाना आझाद हे स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. त्या मुलीने आळस केला नव्हता. रात्री जागून तिने मोबाइलवर माहिती शोधली होती. पण शोधताना तिने एकच शब्द लिहिला होता : ‘आझाद’. तिच्या मेहनतीत काही कमी नव्हते. कमी होते ते प्रश्नात.

पुस्तकाच्या शेवटी सूची असते. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे, हे तिच्यात पाहता येते. गूगलसारखे शोधयंत्र इंटरनेटवरील असंख्य पाने आधीच वाचून अशीच एक प्रचंड सूची तयार ठेवते. आपण शब्द लिहिला, की त्या सूचीतून जुळणारी पाने काढून ते आपल्यापुढे मांडते. ‘आझाद’ एवढेच लिहिले, तर मुंबईचे आझाद मैदानही येईल आणि चंद्रशेखर आझादही येतील. आपल्या मनात कोण आहे, हे यंत्राला कसे कळणार?

म्हणून पहिली गोष्ट : नेमके शब्द लिहा. ‘मौलाना आझाद शिक्षणमंत्री’ असे लिहिताच बरीच गर्दी कमी होते.

दुसरी गोष्ट : शब्द त्याच क्रमाने एकत्र हवे असतील, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत लिहा. जसे, “अबुल कलाम आझाद”.

तिसरी गोष्ट : नको असलेल्या शब्दाआधी वजाबाकीचे चिन्ह द्या. ‘आझाद -मैदान’ असे लिहिले, की मैदानाची पाने गळतात. मात्र चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नका.

चौथी गोष्ट : एकाच नावाची वेगवेगळी रूपे वापरून पाहा. १९४२ ते १९४५ या काळात मौलाना अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबार-ए-खातिर’ या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथातील बहुतेक पत्रे त्यांनी तेथेच लिहिली. २०२४ साली या शहराचे नाव अहिल्यानगर झाले. जुनी माहिती जुन्या नावाने सापडेल, नवी माहिती नव्या नावाने. भाषेचेही तसेच आहे. तुम्हांला उर्दू येते, मराठी येते, हिंदी आणि इंग्रजीही येते. एका भाषेत जे मिळाले नाही, ते दुसऱ्या भाषेत शोधा. ही मोठी दौलत तुमच्याजवळ आहे!

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाने सापडली म्हणजे सत्य सापडले, असे नाही. सर्वांत वर पुष्कळदा जाहिराती असतात. त्यांवर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते, ते पाहा. कधी कधी वरच तयार उत्तर दिसते. तेही यंत्रानेच जुळवलेले असते आणि ते चुकू शकते. माहिती कोणी लिहिली आहे? केव्हा लिहिली आहे? दुसऱ्या विश्वासू ठिकाणी ती तशीच आहे का? हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय काहीही वहीत उतरवू नका.

पुढच्या वर्षी तीच मुलगी पुन्हा उभी राहिली. या वेळी ती अहमदनगरच्या किल्ल्यातील त्या पत्रांविषयी बोलली. कोणीही हसले नाही. सारे सभागृह शांतपणे ऐकत होते.