माथेरानचा पहिला दिवस

घाटकोपर-मुलुंडकरांना माथेरान जवळचे. कर्जत लोकलने नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे मोटारींना बंदी. सुट्टीचा पहिला दिवस निवांतच घालवावा. सामान टाकावे, चहा घ्यावा, मुलाबाळांना घेऊन लाल मातीच्या वाटेने रमतगमत हिंडावे. पॉइंट काय, उद्याही बघता येतात! १९०७ साली सुरू झालेली छोटी गाडी मुलांना जरूर दाखवावी.

याच वाटेवर माणसाने ओढलेल्या रिक्षात माणसे वर्षानुवर्षे ऐटीत बसत आली. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने द्याव्यात, असेही सांगितले. वडीलधारी माणसे थकली तर झाडाखाली टेकावे. सावली भरपूर आहे.