साधनेच्या वाटा (भाग ७) : दहा हजार डुकाट आणि तीन माणसं

गेल्या भागात आपण इजिप्तच्या संत अँथनींची गोष्ट पाहिली. चर्चमध्ये शुभवर्तमानाचं वाचन कानावर पडलं आणि त्या तरुणाने वडिलोपार्जित जमीन गावकऱ्यांना देऊन टाकून वाळवंटाची वाट धरली. गोष्ट मोठी आहे, पण ती वाचून बहुतेक संसारी माणसं मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकतात. वाळवंटात जाणं आपल्याला जमणार नाही. तेव्हा हा विषय संन्याशांचा, असं म्हणून मोकळं होता येतं. कॅथलिक परंपरेत ही पळवाट सर्वांत नेटाने बुजवली ती संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी.

स्पेनच्या बास्क मुलखातल्या या सरदारपुत्राला वैराग्याची उपजत ओढ मुळीच नव्हती. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यात फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड वाकडं जुळलं आणि गुडघ्याखाली त्याचा उंचवटा राहिला. दरबारी तऱ्हेचे घट्ट बूट त्यावर चढेनात. म्हणून, भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात, त्यांनी तो उंचवटा करवतून घेतला. निव्वळ रुबाबासाठी! आसक्तीबद्दल बोलण्याचा अधिकार त्यांनी असा आधीच कमावला होता.

अंथरुणाला खिळल्यावर त्यांनी वाचायला शिलेदारांच्या अद्भुत कादंबऱ्या मागितल्या. वाड्यात त्या नव्हत्या. हाती आलं ते येशूचं चरित्र आणि संतकथांचा ग्रंथ. मग दिवसभर दोन तऱ्हांची मनोराज्यं चालत. कधी एका थोर घराण्यातल्या स्त्रीची मर्जी कशी संपादन करावी, तर कधी संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांनी केलं ते आपण का करू नये. रंगवताना दोन्ही चित्रं गोडच लागत. फरक पडे तो नंतर. पहिलं चित्र पुसलं गेलं की मन कोरडं आणि उदास होई; दुसरं पुसलं गेलं तरी समाधान रेंगाळत राही. पुढे त्यांनी जी विवेकाची रीत शिकवली तिचा उगम या निरीक्षणात आहे. इच्छा मनात येतात तेव्हा सगळ्याच गोड असतात. त्या निघून जाताना मागे काय ठेवून जातात, ते बघायचं.

१५२२ मध्ये माँतसेरातच्या मठात त्यांनी तलवार ठेवली आणि अंगावरचे उंची कपडे एका भिकाऱ्याला दिले. (त्या बिचाऱ्याला पुढे चोर समजून धरलं, दानाचा हा परिणाम कोणी कीर्तनात सांगत नाही.) मग मानरेसा गावात कडक उपास, वाढवलेले केस, वाढवलेली नखं. लोकांशी बोलून त्यांना आधार देता येतो, हे उमगल्यावर ते केस आणि ती नखं त्यांनी कापून टाकली. मला त्याहून बोलका वाटतो तो बार्सिलोनातला प्रसंग. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ते पोरांच्या शेजारी बसून लॅटिनची रूपं घोकायला लागले. घोकायला बसलं की नेमके सुंदर आध्यात्मिक विचार दाटून येत आणि अभ्यास राहून जाई. प्रार्थनेच्या वेळी किंवा मिस्सामध्येसुद्धा असे विचार येत नसत. हा मोह आहे, हे त्यांनी ओळखलं. गुरुजींना चर्चमध्ये नेऊन त्यांनी वचन दिलं, की पोटापुरती भाकरी आणि पाणी मिळेल तोवर दोन वर्षं एकही तास चुकवणार नाही. म्हणजे भक्तीची गोडीसुद्धा आसक्ती ठरू शकते, असा याचा अर्थ. हे मान्य करणारे धर्मोपदेशक मी फार कमी ऐकले आहेत.

या सगळ्या अनुभवातून ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटं पुस्तक आकाराला आलं. पोप तिसरे पॉल यांनी त्याला १५४८ मध्ये मान्यता दिली. साधना चार ‘आठवड्यांची’, एकूण सुमारे तीस दिवसांची. पहिल्यात स्वतःच्या पापाचं भान, दुसऱ्यात येशूचं जीवन, तिसऱ्यात दुःखसहन, चौथ्यात पुनरुत्थान. त्यांनी स्थापन केलेल्या येशूसंघातल्या प्रत्येकाला ती करावीच लागते. १५४२ मध्ये गोव्याला पोचलेले संत फ्रान्सिस झेवियर यांनी ती केली होती; ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्सही याच शिस्तीत घडले.

दुसऱ्या आठवड्यात इग्नेशियस एक कथा पुढे ठेवतात. तीन माणसं आहेत. प्रत्येकाला दहा हजार डुकाट मिळाले आहेत. मोठी रक्कम आहे. पैसा चोरीचा आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त तो निखळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेला नाही, इतकंच. तिघेही भले आहेत. तिघांनाही तारण हवं आहे आणि पैशाकडे ओढणाऱ्या मनाचं ओझं तिघांनाही जाणवतं आहे.

पहिल्याला ओझं उतरवायचं आहे, पण त्यासाठी तो मरेपर्यंत काहीच करत नाही. त्याच्याबद्दल जास्त बोलायला नको. तो सगळ्यांच्या ओळखीचा आहे.

दुसरा जरा बारकाईने बघण्यासारखा आहे. त्याला आसक्ती सोडायची आहे, मात्र रक्कम हातात ठेवून. तो आळशी नाही. तो प्रार्थना करतो, उपास करतो, कदाचित चर्चच्या छपराला देणगीही देतो. एवढं सगळं करून तो देवालाच आपल्या बाजूला ओढत असतो, म्हणजे मी ठरवलं आहे तिथे देवाने यावं आणि मान डोलवावी. माझ्या मते सगळ्या कथेचा रोख याच माणसावर आहे, कारण साधनेला बसणारी बहुतेक माणसं याच जातीची असतात. पहिला मुळात साधनेला येतच नाही.

तिसऱ्याला आसक्ती अशी सोडायची आहे की रक्कम ठेवावी असंही नाही आणि टाकावी असंही नाही. देवाची सेवा ज्यात अधिक होईल ते तो करणार. आणि कथा इथेच थांबते! त्याने पैशाचं शेवटी काय केलं, हे इग्नेशियस सांगत नाहीत. प्रवचनात ही कथा हटकून दानधर्माची होते आणि तिसऱ्याच्या हातून सगळे डुकाट गरिबांना वाटले जातात. ते मूळ कथेत नाही. टाकण्याचा हट्ट हीसुद्धा आसक्तीच असू शकते, आणि मानरेसात नखं वाढवून बसलेल्या माणसाला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे डुकाट नसले तरी गुंठे आहेत. वसईच्या पट्ट्यात वाडीला बिल्डरचा भाव आला, तेव्हा ही तिन्ही माणसं एकाच घरात शेजारी शेजारी बसलेली त्या पिढीने पाहिली आहेत. विकावी की राखावी, याचं उत्तर इग्नेशियस देत नाहीत. ते विचारतात, की उत्तर देताना तुमचा हात कोणी धरला आहे का?

हे ओळखायच्या त्यांच्या युक्त्या अगदी व्यवहारी आहेत. तुम्ही कधीही न पाहिलेला माणूस हाच पेच घेऊन आला, तर त्याला काय सल्ला द्याल? तोच स्वतः पाळा. मरणाच्या घडीला आज काय ठरवलेलं आवडेल, ते आज ठरवा. दानासाठीही त्यांनी हेच नियम लावले आहेत. नातेवाइकांना किंवा मित्रांना पैसा देताना मन त्यांच्याकडे झुकत असेल, तर ते झुकणं ताळ्यावर येईपर्यंत हात आखडता घ्या, असं ते बजावतात. भाच्याला मदत करतानाही आधी स्वतःला तपासायला लावणारा संत विरळाच. विवाहितांना ते संसार सोडायला सांगत नाहीत. घर केवढं असावं, नोकरचाकर किती, घरखर्चाला किती आणि गरिबांना किती, याचा हिशेब देवासमोर मांडा, एवढंच त्यांचं मागणं आहे.

त्यांची स्वतःची परीक्षा उतारवयात झाली. मे १५५५ मध्ये त्यांच्याशी जुना दुरावा असलेले कार्डिनल कराफा पोप झाले. बातमी ऐकताच इग्नेशियस यांचं सर्वांग हादरलं, असं जवळच्या सहकाऱ्याने नोंदवलं आहे. काही न बोलता ते प्रार्थनेला गेले आणि थोड्याच वेळात शांत चेहऱ्याने बाहेर आले. येशूसंघ मोडीत निघाला तर सावरायला पंधरा मिनिटं प्रार्थना पुरेल, असं ते म्हणत. १७७३ मध्ये पोप चौदावे क्लेमेंट यांनी तो खरोखरच विसर्जित केला. १८१४ मध्ये तो पुन्हा उभा राहिला.

एक सूचना. ही साधना पुस्तक उघडून एकट्याने करायची नसते. ते पुस्तक मुळात मार्गदर्शकासाठी लिहिलेलं आहे. तीस दिवस काढणं शक्य नसेल, तर घर आणि नोकरी सांभाळून रोज थोडा वेळ देत काही महिन्यांत ती पूर्ण करण्याची मुभा इग्नेशियस यांनीच दिली आहे. ज्यांना करायची असेल त्यांनी आपल्या धर्मग्रामातल्या फादरांना विचारावं. पुढच्या भागात याच पुस्तकातलं रोजचं आत्मपरीक्षण पाहू. त्याला पंधरा मिनिटं आणि एक वही पुरते.