गाण्याची चित्रफीत आणि गाण्याचा धनी

हल्ली शाळेतल्या मुलांना आपल्या गाण्याची चित्रफीत काढावीशी वाटते. काढावी. पण मोबाइल घेऊन एकदम शिवारात धावू नये. आधी गाणं शांत खोलीत ध्वनिमुद्रित करावं. मग शेतात तेच मोठ्यानं लावून मुलांनी त्याबरोबर गावं. म्हणजे वाऱ्याचा घोंघाट शिरत नाही आणि चित्राचे तुकडे जोडताना ताल मोडत नाही.

खरी गोम निराळीच. गाणं कुणाचं? १९५७च्या कायद्यानं शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. शाळेत मुलं, शिक्षक, पालक यांच्यापुढं गायला हरकत नाही. इंटरनेटवर चढवायचं तर परवानगी हवी. पूर्वी कंपन्या कवीला पुष्कळदा एकरकमी पैसे देऊन मोकळ्या होत. २०१२च्या दुरुस्तीनं त्याचा रॉयल्टीचा वाटा असा लिहून घेता येईनासा झाला. उशिरा का होईना, बरं झालं.

जात्यावरच्या जुन्या ओव्या मात्र कुणा एकाच्या नव्हेत, खुशाल घ्या. दुसऱ्यानं केलेलं ध्वनिमुद्रण तेवढं उचलू नका. गावातल्या आजीलाच गायला बसवा. तिलाही आधी विचारायचं हं. गाणाऱ्याचा हक्कही आता त्याच कायद्यात आहे, ५० वर्षांचा.